बत्तीस की अठ्ठावीस

दांडेकर पुलाजवळ, कुट्टीच्या बिस्किटाच्या डब्यात
माझ्या नावाची एक पुडी आहे, रबर बँड लावलेली.
तिच्यात दोन बाभळीचे काटे, नालाचा एक खिळा
(पुलावर घोडा कुठून आला? लग्नाचा असेल),
स्टेपलरची पिन,
आणि ट्रकच्या फुटक्या टायरातून सांडते ती तार,
केसाएवढी. ती दिसत नाही.
पहाटे साडेपाचला धायरीच्या पार्किंगमध्ये
फक्त बसलेलं मागचं चाक दिसतं.

सहा वाजता माझी रांग सुरू होते.
लोक उपाशी पोटी, बाह्या वर करून बसलेले.
दिवसाला साठ पंक्चर मी स्वतःच करते,
वर म्हणते, कापूस दाबून धरा, चोळू नका.
उशीर झाला की कुणीतरी म्हणतं, मॅडम, चक्कर येतेय.
त्यांना टायरचं काय सांगणार?

तरी टायर बदलायचं ठरलं ते भोरच्या वाटेवर.
वरंध्याला निघाले होते, डिसेंबरात, पिशव्या लादून.
कापूरहोळच्या अलीकडे एका तासात तीनदा बसले रस्त्याकडेला.
तिसऱ्या वेळी सोल्युशनची ट्यूब पिळली
तर आतून नुसती खाकरली.
एसटीच्या कंडक्टरने सायकलचं लगेज फाडलं
आणि मला विचारलं, "पण घाट उतरून करणार काय होतात?"

नाना पेठेत ताहेरभाईंनी तीन टायर काउंटरवर ठेवले.
एकाची घडी होते, रुमालासारखी. "हा उडतो," म्हणाले.
मला उडायचं नाही, वेळेवर पोचायचंय.
दुसरा दातेरी, डांबरावर दिवसभर भुणभुणणारा.
तिसरा काळा, जड, तारेच्या काठाचा.
त्याचा कापलेला तुकडा त्यांनी हातात दिला:
आत निळ्या रबराचा थर, वडीच्या जाडीचा.
नख रोवून पाहिलं. नखच दुमडलं.
किंमत विचारली तर आधी चहा सांगितला,
तेव्हाच समजले.

मग रुंदी. बत्तीस की अठ्ठावीस?
त्यांनी चाक आणि मडगार्डच्या मधून बोट घातलं.
"बोट गेलं पाहिजे. चिखल गेला पाहिजे."
मी म्हटलं, उद्या सांगते,
आणि येताना कुट्टीला विचारलं.

कुट्टी पालक्काडचा, पण तीस वर्षांत
त्याचं मराठी माझ्याहून पेठी झालंय.
"रुंद घ्या ताई. आणि हवा जरा कमी ठेवा.
फुगलेल्याला लवकर टोचतं."
आणि तुझा धंदा?
"पुण्यात टायर काय तुमचेच आहेत?"

विद्याधर म्हणाला, एवढ्यात स्कूटरचे दोन्ही आले असते.
आले असते. स्कूटर कुठाय?
तारेचा काठ रिमवर चढेना,
दोन चमचे वाकले, एक आईच्या भांड्यांतला.
पहिला आठवडाभर सिंहगड रोडवर वाटायचं
कॅरियरवर कुणी न विचारता बसलंय.
नंतर ते कुणी उतरलं,
की मांड्यांनी त्याला घरचं मानलं, ठाऊक नाही.

चार महिने झाले. रविवारी बाल्कनीत
सायकल उलटी करून, चाक फिरवत
गोधडीच्या सुईने काचा टिपते,
तांदूळ निवडावेत तशा. खडी, खडी, काच,
हिरवी काच, कुठल्या बाटलीची कोण जाणे.
आज एक काटा निघाला.
चिमट्यात धरून ओढला तर येतच राहिला,
करंगळीच्या दोन पेरांएवढा, तिरका शिरलेला.
तो निघाल्यावर कान लावला.
मग थुंकी लावून पाहिली. बुडबुडा नाही.
तरी भोकावर अंगठा दाबून बसले होते,
बराच वेळ. हाताची सवय.

काटा कागदात बांधून ठेवलाय.
उद्या कुट्टीकडे थांबेन,
हवा तर भरायचीच आहे.